बटण कुठल्या बाजूला?

आमच्या घरात एक दिवा होता, त्याला बटणच नव्हतं.

२०२४ च्या सुरुवातीला आम्ही स्वयंपाकघराचं काम काढलं. जुना कडाप्प्याचा ओटा जाऊन ग्रॅनाइटचा आला, खाली ट्रॉल्या बसल्या, वर भिंतीला कपाटं आली. कपाटं आली आणि एक नवीनच अडचण उभी राहिली. ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर, समोर कपाट पुढे आलेलं. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली कांदा चिरायच्या फळीवर पडायची. सुतार म्हणाला, कपाटाखाली एलईडीची पट्टी टाकून देतो, लख्ख उजेड पडेल. त्यानं चिकटपट्टीसारखी एक लांब फीत आणली. तिच्यावर मसुराच्या डाळीएवढे दिवे ओळीनं बसवलेले. पाठीमागचा कागद सोलून त्यानं ती कपाटाच्या खालच्या अंगाला चिकटवली. उजेड खरोखरच लख्ख पडला.

पट्टीची तार एका काळ्या अडॅप्टरमध्ये जात होती आणि तो अडॅप्टर सिंकच्या शेजारच्या सॉकेटमध्ये. त्या सॉकेटला बटण होतं, नाही असं नाही. पण त्याच सॉकेटवर थ्री-वे पिन लावून पाणी शुद्ध करायचं यंत्रही चालत होतं आणि ते चालूच ठेवावं लागे. मग दिवा घालवायचा कसा? अडॅप्टरची पिन उपटायची. लावायचा कसा? पिन खोचायची. सुतार पैसे घेऊन गेला होता. आम्हीही चार दिवसांत त्या उपटण्या-खोचण्याला सरावलो.

त्या वर्षी मार्चमध्ये रमजान सुरू झाला. सहरीसाठी पहाटे चारला आधी उठते ती माझी आई, आमची अम्मा. ऐंशीला टेकली आहे, पण सहरीचा पहिला तवा आपणच चढवायचा हा तिचा जुना हट्ट. बाकीचे झोपलेले असतात, म्हणून मोठा दिवा लावायचा नाही. कपाटाखालची पट्टी तिला त्या वेळेला अगदी सोयीची वाटायची. एका पहाटे तिनं कणकेचे हात धुतले, पदराला पुसले न पुसले आणि पिन खोचायला गेली. पिन अर्धी आत, अर्धी बाहेर. बोट उघड्या दांडीला लागलं. मी तिच्या ओरडण्यानं जागा झालो. ती ओट्यापासून दोन हात मागे, भिंतीला टेकून उभी होती. हात खांद्यापर्यंत बधिर झालेला. डॉक्टरांनी तपासलं, दोन दिवसांत सगळं ठीक झालं.

ठीक झालं नाही ते एकच. त्यानंतर तिनं त्या दिव्याला हात लावला नाही. दुसऱ्या पहाटेपासून ती बाहेरच्या खोलीतून येणाऱ्या तिरक्या उजेडात भाकरी थापू लागली. म्हणायची, "मला काय, हाताला सवय आहे." आठवड्याभरात तव्याच्या कडेनं तिचा मनगटाजवळचा भाग भाजला, तोही तिनं आम्हाला दोन दिवस दाखवला नाही. म्हाताऱ्या माणसाचा स्वयंपाकघरातला वावर असाच कमी कमी होत जातो. कुणी जा म्हणत नाही. एक दिवा लावता येत नाही, एक डबा काढता येत नाही, आणि मग बसायची जागा बदलते. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

मी बी.ए. झालेला माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. ओळखीच्या वायरमनला बोलावलं आणि म्हटलं, "एवढ्या दिव्याला एक बटण टाकून द्या." त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि विचारलं, "सर, बटण कुठल्या बाजूला टाकू?"

मी म्हटलं, "उजव्या. अम्मा उजव्या हातानंच लावते."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याला उजवी-डावी बाजू विचारायचीच नव्हती. तो विचारत होता, अडॅप्टरच्या अलीकडे की पलीकडे? २३० व्होल्टच्या बाजूला की १२ व्होल्टच्या? या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पुढचा महिनाभर जे शिकलो, ते आज सांगतो आहे. कारण अशा पट्ट्या आता घरोघरी लागल्या आहेत, आणि पुष्कळ घरांत त्यांचं बटण म्हणजे अजूनही ती पिनच आहे.

आधी अडॅप्टर काय करतो ते पाहू. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची. तिची दिशा सतत उलटसुलट होत असते, सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे. ही एसी. एलईडीला ती थेट चालत नाही. त्याला एकाच दिशेनं वाहणारी, कमी दाबाची वीज लागते, म्हणजे डीसी. अडॅप्टर हे दोन्ही काम करतो: दाब उतरवतो आणि दिशा एक करतो. पट्टीच्या बाबतीत तो दाब बहुधा १२ व्होल्ट असतो, कधी २४.

१२ च का? त्याला कारण आहे. जुन्या टेपरेकॉर्डरवर तांबडा ठिपका लागायचा, आठवतो? तो एलईडीच. डोळ्यांना दिसेल असा तांबडा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत केला. त्याला साधारण दोन व्होल्ट पुरतात. निळा मात्र कितीतरी वर्षं हाती लागत नव्हता. तो तेजस्वी करून दाखवला इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि त्याबद्दल त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एका निळ्या ठिपक्यासाठी नोबेल कशाला, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. पण आपल्या घरातला पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळ्या रसायनाचा थर देतात, निळा आणि पिवळा मिसळून डोळ्यांना पांढरं दिसतं. दिवा बंद असताना पट्टी नीट पाहा, प्रत्येक दाणा हळदीसारखा पिवळा दिसेल. या निळ्याला लागतात साधारण तीन व्होल्ट. असे तीन दिवे एकापाठोपाठ जोडले की नऊ होतात. उरलेले तीन व्होल्ट सांभाळायला एक छोटा रोधक बसवलेला असतो. झाले १२. म्हणून १२ व्होल्टच्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण छापलेली असते. त्या खुणेवरच कापायचं. मधेच कापलं तर त्या तिघांचं कुटुंब मोडतं आणि तेवढे तीन दिवे लागत नाहीत.

आता वायरमनच्या प्रश्नाकडे येऊ. रेडिओवरून बोलताना मला तार हातात धरून दाखवता येत नाही, म्हणून एक चित्र डोळ्यांसमोर आणा. डावीकडे भिंतीतलं सॉकेट, मधे अडॅप्टर, उजवीकडे पट्टी. सॉकेट आणि अडॅप्टर यांच्या मधे बटण घालता येतं, तसंच अडॅप्टर आणि पट्टी यांच्या मधेही. दोन्हीकडे दिवा लागतो आणि जातो. फरक बाकीच्या गोष्टींत आहे.

पहिली बाजू २३० व्होल्टची. इथं बटण घातलं तर बंद केल्यावर अडॅप्टरही बंद. त्याचं गरम होणं नाही, फुकट वीज खाणं नाही. दिव्याबरोबर त्यालाही विश्रांती, त्यामुळे तो टिकतोही जास्त. बाजारात मिळणारं कुठलंही ६ अँपियरचं चांगलं बटण चालतं, कारण ते याच कामासाठी केलेलं असतं. पण बटणापर्यंत २३० व्होल्टच्या तारा न्यायच्या, त्या भिंतीतून किंवा केसिंगमधून नीट न्यायच्या आणि हे सगळं जिथं पाणी, वाफ आणि ओले हात आहेत तिथं आणायचं. ते शिकलेल्या वायरमनचंच काम आहे, हौशी माणसाचं नव्हे.

इथं एक नियम पाळायचा, तो म्हणजे बटणानं फेजची तार तोडायची, न्यूट्रलची नाही. न्यूट्रल तोडली तरी दिवा जातो, म्हणून करणाऱ्याला वाटतं काम झालं. पण मग दिवा बंद असतानाही आतल्या तारेत फेज जिवंत असते. पूर्वीच्या साध्या बल्बच्या काळात ही चूक वर्षानुवर्षं कळत नसे. एलईडी मात्र चहाडी करतो. बटण बंद केल्यावरही काही घरांत दिवे काजव्यासारखे मिणमिणत राहतात. लोकांना वाटतं दिवाच खराब आहे. पुष्कळदा कारण हेच असतं. दुसरं एक कारण म्हणजे बटणातला तो छोटा तांबडा दर्शक दिवा. बटण बंद असतानाही त्या दर्शकातून अगदी बारीक प्रवाह पुढे झिरपतो आणि एलईडीला तेवढाही कधी कधी पुरतो. अशा वेळी दर्शक नसलेलं बटण घातलं की मिणमिणणं थांबतं.

दुसरी बाजू १२ व्होल्टची. इथला मोठा गुण एकच आणि तो माझ्या दृष्टीनं सगळ्यांत वजनदार होता. हात ओला असो, कणकेचा असो, बटणाच्या आत पाणी जावो, माणसाला झटका बसत नाही. व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची समजा. उंच टाकीचं पाणी जोरानं येतं, ठेंगण्या टाकीचं येत नाही. आपली कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते, ओली झाली की ती अडवणूक खूपच कमी होते. २३० च्या उंचीवरून येणारी वीज त्या ओल्या कातडीतून जीव घेण्याइतकी वाहू शकते. १२ च्या उंचीला स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या वापरात तेवढा जोरच नसतो.

मग सरळ १२ च्या बाजूलाच का घालू नये? मी हेच विचारलं. वायरमननं खिशातून मोबाइल काढून हिशेब करून दाखवला. आमची पट्टी आठ फूट, म्हणजे साधारण २.४ मीटर. एका मीटरला ९.६ वॅट. एकूण २३ वॅट. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर. २३० व्होल्टच्या बाजूला २३ वॅटसाठी ०.१ अँपियर पुरतो. १२ व्होल्टच्या बाजूला तेवढ्याच उजेडासाठी १.९ अँपियर लागतात. टाकी ठेंगणी झाली की नळ मोठा लागतो, तसंच हे. म्हणजे दाब कमी झाला, पण तारेतून आणि बटणातून जाणारा प्रवाह जवळजवळ वीसपट वाढला.

याचा परिणाम तारेवर होतो. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची बारीक तार घेतली आणि ती पाच मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर होते. दोन अँपियरला त्या तारेतच पाऊण व्होल्टच्या आसपास दाब खर्च होतो. २३० मधून पाऊण गेला तर कुणाला कळत नाही. १२ मधून पाऊण गेला तर पट्टी मंद दिसते. तार दुप्पट जाड, म्हणजे एक चौरस मिलिमीटरची घेतली की हा तोटा निम्म्यावर येतो. म्हणून १२ च्या बाजूला बटण लांब नेऊ नये, आणि न्यायचंच तर तारेत कंजुषी करू नये.

बटणाचीही एक गोष्ट आहे. कुठलंही बटण बंद करताना आत एक ठिणगी पडते. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ती ठिणगी आपोआप विझते. डीसी कधी शून्यावर येत नाही, ठिणगी रेंगाळते आणि आतले पत्रे जाळत राहते. १२ व्होल्टला ही ठिणगी लहानच असते, घाबरण्यासारखं काही नाही. पण बटणावर काय लिहिलं आहे ते वाचावं. आकड्यापुढे नागमोडी रेघ असेल तर तो आकडा एसीसाठी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसीसाठी. बऱ्याच बटणांवर फक्त नागमोडी रेघ सापडते.

हे ऐकून मी विचारलं, "मग डीसीचं बटण आणायचं कुठून?" वायरमन म्हणाला, "रिक्षाच्या सामानाच्या दुकानातून." रिक्षा, मोटार यांची बॅटरी १२ व्होल्टची, डीसी. त्यांची बटणं त्याच दाबासाठी, दहा अँपियरच्या वर झेपणारी, धक्के-धूळ सोसणारी. आमच्या स्वयंपाकघराला आज जे बटण आहे, ते त्या दुकानातलं आहे. अम्मा त्याला 'रिक्षाचा खटका' म्हणते.

त्याआधी मी एक चूक करून बसलो होतो. दुकानदारानं मला दोन आधुनिक वस्तू दाखवल्या. एक म्हणजे नुसतं बोट टेकवलं की लागणारं बटण. दुसरं, हात समोरून हलवला की लागणारं. दुसऱ्याची मला फारच भुरळ पडली, कारण हात लावायचाच नाही तर झटक्याचा प्रश्नच मिटला. दोन्ही १२ व्होल्टच्याच बाजूला बसतात, तेव्हा सुरक्षितही होती. पण हात हलवायचं बटण भाकरी थापताना, फोडणी घालताना आपोआप लागायचं आणि जायचं. अम्मा म्हणाली, "याला सांगावं लागतं की मी तुला बोलावलं नाही." मग बोट टेकवायचं आणलं. ते माझ्या बोटाला लागायचं, नातवाच्या लागायचं, अम्माच्या लागायचं नाही. ती बटणं बोटातल्या ओलाव्यामुळे आणि विद्युतभारामुळे जाणतात, आणि साठ वर्षं चुलीशी काम केलेल्या तिच्या बोटांची कातडी कोरडी, जाड झालेली आहे. ती दाबत राहायची, दिवा ढिम्म. शिवाय दाबलं गेलं की नाही हे तिला कळत नसे. म्हाताऱ्या हाताला 'टक्' असा आवाज हवा, बोटाखाली काहीतरी हललं पाहिजे. दोन्ही वस्तू मी परत केल्या. दुकानदारानं निम्मेच पैसे दिले, असो.

एक धोक्याची गोष्ट इथंच सांगतो, कारण ती वायरमनलाही नेहमी ठाऊक असते असं नाही. एलईडीला वीज देणारे डबे दोन जातींचे असतात. एक दाब ठरावीक ठेवतो, त्याच्यावर लिहिलेलं असतं आउटपुट १२ व्होल्ट, ३ अँपियर, असं काहीतरी. पट्टीचा अडॅप्टर या जातीचा. दुसरा प्रवाह ठरावीक ठेवतो. त्याच्यावर व्होल्टचे दोन आकडे असतात, समजा २४ ते ४०, आणि प्रवाह एकच, समजा ३०० मिलिअँपियर. छतात बसवायच्या पुष्कळ गोल-चौकोनी दिव्यांना हा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या दुसऱ्या जातीच्या पलीकडच्या बाजूला बटण कधी घालू नये. बटण बंद झालं की तो डबा बिचारा ठरलेला प्रवाह वाहावा म्हणून दाब वाढवत नेतो. पुन्हा बटण लावलं की तो वाढलेला दाब एकदम दिव्यांवर कोसळतो आणि दिवे जळू शकतात. अशा दिव्याचं बटण २३० च्याच बाजूला. तेव्हा आधी डब्यावरची अक्षरं वाचायची, मग बटणाचा विचार करायचा.

आमच्याकडे शेवटी काय केलं? दोन्ही बाजूंना बटण घातलं. अडॅप्टर सिंकशेजारून हलवला आणि कपाटाच्या माथ्यावर, जिथं हवा खेळते आणि कुणाचा हात सहज जात नाही, तिथं त्याला स्वतःचं सॉकेट दिलं. त्या सॉकेटचं बटण दाराजवळच्या मोठ्या बोर्डावर घेतलं. ते दिवसभर चालू असतं. गावाला जाताना, रात्री झोपताना आम्ही बंद करतो. अम्मा उठायच्या आधी पहाटे ते लावायचं काम माझं, त्या निमित्तानं मीही वेळेवर उठतो. आणि रोजच्या हाताचा, १२ व्होल्टचा खटका कपाटाच्या खालच्या पट्टीला, ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात. उजव्याच बाजूला, माझं पहिलं उत्तर अगदीच वाया गेलं नाही.

अडॅप्टर सतत चालू राहिला तर तो दिवा बंद असतानाही थोडी वीज खातोच. ती अर्धा वॅट धरली तर वर्षाला चार-साडेचार युनिट होतात. दिवा रोज चार तास जळला तर वर्षाला तेहतीस-चौतीस युनिट. म्हणजे ही उधळपट्टी फार मोठी नाही, पण बोर्डावरच्या बटणानं तीही वाचते.

प्रत्यक्ष जोडणी सोपी आहे. अडॅप्टरमधून दोन तारा निघतात, तांबडी धन आणि काळी ऋण. काळी सरळ पट्टीपर्यंत जाते. तांबडी मधे तोडायची, तिची दोन टोकं खटक्याच्या दोन पायांना जोडायची. १२ व्होल्टला काळी तोडली तरी दिवा जाईल, पण तांबडी तोडायचा रिवाज आहे आणि पुढे कुणी दुसरा माणूस दुरुस्तीला आला तर रिवाज उपयोगी पडतो. पट्टीवर धन-ऋण खुणा असतात, उलट जोडलं तर पट्टी लागत नाही एवढंच. काम करताना अडॅप्टर सॉकेटमधून काढलेलाच हवा.

सोपं आहे म्हणून दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होतं. एक, सांधे. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळायची आपल्याकडे पद्धत आहे. स्वयंपाकघरात तेलाच्या वाफेनं टेपचा गोंद सुटतो, पीळ सैल पडतो आणि दोन अँपियरचा प्रवाह त्या सैल जागी उष्णता काढू लागतो. १२ व्होल्टनं झटका बसत नाही, पण आग लागायला व्होल्ट फार लागत नाहीत. आमच्या वायरमननं सांध्यांना डाख दिला आणि तापवली की आवळून बसणारी नळी वरून चढवली. दुसरी गोष्ट, १२ आणि २३० च्या तारा एकाच डबीत किंवा एकाच केसिंगमध्ये घालायच्या नाहीत. कधी एखाद्या तारेचं वेष्टण फाटलं तर २३० व्होल्ट १२ च्या तारेत उतरतील आणि आपण ज्या खटक्याला निर्धास्त हात लावतो तोच जिवावर बेतेल. सगळी सुरक्षितता या दोन घरांमधल्या भिंतीवर उभी आहे.

तीच भिंत अडॅप्टरच्या आतही असते. तिथं २३० ची बाजू आणि १२ ची बाजू एकमेकींना तारेनं जोडलेल्या नसतात, मधे फक्त चुंबकाचा व्यवहार असतो. हलक्या अडॅप्टरमध्ये ही भिंत कशी बांधली असेल सांगता येत नाही. म्हणून अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी, म्हणजे 'आर' अक्षर आणि त्यापुढचे आकडे, आहेत का ते पाहावं. एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी वेष्टण आहे, अर्थिंग लागत नाही. पत्र्याच्या डब्यातला असेल तर अर्थिंगची तार जोडलीच पाहिजे. आणि २३ वॅटच्या पट्टीला २४ वॅटचा अडॅप्टर घेऊन त्याला रोज धापा टाकायला लावू नये. आमचा ३६ वॅटचा आहे. आधीच्यात दुसरंही एक न्यून होतं. पिनच्या दांड्यांना मुळाशी प्लॅस्टिकचं वेष्टण नव्हतं. ते असतं तर अम्माचं बोट धातूला लागलं नसतं.

याच फेरीत घराच्या मुख्य बोर्डावर आरसीसीबीही बसवून घेतला, ३० मिलिअँपियरचा. शरीरातून जमिनीकडे वीज गळू लागली की हा क्षणात सगळं बंद करतो. आमची इमारत जुनी, तिथं तो नव्हता. खरं तर बटणाच्या आधी हे व्हायला हवं होतं.

जाता जाता उजेडाच्या रंगाबद्दल. सुतारानं आणलेली पट्टी निळसर पांढऱ्या उजेडाची होती, ६५०० केल्विनवाली. तिच्याखाली कांदा तांबूस झाला की अजून पांढराच आहे, हे अम्माला कळत नसे. ती कढई उचलून खिडकीशी न्यायची. पट्टी बदलताना ४००० केल्विनची आणि रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, सीआरआय, ९० च्या वर असलेली घेतली. थोडी महाग पडली. कढई आता शेगडीवरच राहते.

पट्टी थेट कपाटाला न चिकटवता ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवली, वर दुधी झाकण. एलईडीची उष्णता उजेडाच्या दिशेनं न जाता पाठीमागून जाते, ती ॲल्युमिनियम ओढून घेतं. झाकणामुळे तेलाचे शिंतोडे पुसायलाही सोपे. शेगडीच्या डोक्यावर मात्र पट्टी आणली नाही, तिथं दीड फूट जागा मोकळी सोडली.

खटका बसला त्या दिवशी अम्मानं तो सात-आठ वेळा लावून घालवून पाहिला. मग ओला हात करून पाहिला, मी शेजारी उभा असताना. दुसऱ्या पहाटे मी बोर्डावरचं बटण लावून पुन्हा आडवा झालो आणि थोड्या वेळानं आतून 'टक्' ऐकू आलं.

आता समोरच्या भिंतीकडच्या कपाटाखालीही पट्टी हवी, असं तिचंच म्हणणं आहे. तिथपर्यंत तार पाच मीटर जाईल. एक चौरस मिलिमीटरची आणून ठेवली आहे, खटका तेवढा रिक्षाच्या दुकानातून आणायचा राहिला आहे.